अथांग बैकल
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, तळें म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. गांवाबाहेरची सखल जागा, पावसाळ्यांत तुडुंब भरणारी, उन्हाळ्यांत खोल जाणारी, आणि दरसाल गाळ सांचत गेल्यामुळें हळूहळू उथळ होणारी. गांवांतील वृद्ध सांगतात कीं, ‘आमच्या लहानपणीं येथें हत्ती बुडेल एवढें पाणी होतें.’ हें बोलणें नुसती जुन्या काळाची बढाई नसते. तळ्याला जन्म असतो, तसें मरणहि असतें. ओढे आणि नद्या त्याला पाणी देतात, आणि त्याच पाण्याबरोबर आणलेल्या मातीनें त्याला बुजवितात. आधीं तळ्याची दलदल होते व पुढें तिचें शेत होतें. पृथ्वीवरील मोठमोठीं सरोवरेंहि बहुधा याच नियमानें बांधलेलीं आहेत. उत्तर अमेरिकेंतील पांच विशाल सरोवरें आपण शाळेंत पाठ करतों; तीं हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून झालेलीं आहेत, म्हणजे त्यांचें वय कांहीं हजार वर्षांचेंच आहे.

आज मी ज्या सरोवराविषयीं बोलणार आहें, त्याचें वय अडीच ते तीन कोटि वर्षें मानतात. हिमालय आजच्या उंचीला पोंचण्यापूर्वींच तें अस्तित्वांत आलेलें होतें. मनुष्याचा तर त्या वेळीं मागमूसहि नव्हता. तें अद्याप बुजलें नाहीं, आटलें नाहीं, आणि त्याचें पाणी नासलेंहि नाहीं. या सरोवराचें नांव बैकल. इतक्या दीर्घ काळांत तें मेलें कसें नाहीं, हा एकच प्रश्न आपण आज पुढें ठेवूं. त्याचें उत्तर शोधतां शोधतां त्याच्या बहुतेक सर्व नवलांची ओळख आपोआप होईल.

आशिया खंडाच्या नकाशावर सैबेरियाच्या दक्षिण भागांत, मंगोलियाच्या सरहद्दीच्या उत्तरेस, चंद्रकोरीसारखी वांकलेली एक बारीक निळी रेघ दिसते. वर्गांत भिंतीवरील नकाशा दाखवितांना माझा नेहमींचा अनुभव असा, कीं मुलें या रेघेला नदी समजतात. त्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं. सरोवराची लांबी ६३६ किलोमीटर असून त्याची रुंदी जास्तींत जास्त ८० किलोमीटर भरते. नकाशा लांबीरुंदी सांगतो, परंतु खोली सांगत नाहीं. आणि बैकलचें सारें मोठेपण खोलींत आहे. सर्वांत खोल ठिकाणीं तेथें १६४२ मीटर पाणी आहे. पृथ्वीवरील दुसरें कोणतेंहि सरोवर इतकें खोल नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच. ही सगळी उंची बैकलच्या तळावर उभी केली, तर पाण्याच्या वर जेमतेम चार मीटर, म्हणजे एखाद्या बैठ्या घराएवढें टोंक राहील. सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीहून सुमारें ४५६ मीटर उंच आहे. म्हणून त्याचा तळ समुद्रसपाटीच्याहि खालीं जवळजवळ १२०० मीटर गेलेला आहे.

या खोलीमुळें बैकलमध्यें सुमारें २३,६०० घन किलोमीटर पाणी मावलें आहे. अमेरिकेंतील त्या पांच सरोवरांचा पृष्ठभाग बैकलच्या सुमारें आठपट आहे. तथापि पांचांचें मिळून पाणी एकट्या बैकलहून कांहींसें कमीच भरतें. ध्रुवप्रदेशांतील व पर्वतांवरील बर्फ आणि भूगर्भांतील पाणी सोडलें, तर पृथ्वीच्या पाठीवर जें गोडें पाणी आहे त्याचा जवळजवळ पांचवा हिस्सा या एका ठिकाणीं सांठलेला आहे.

एवढा खोल खळगा पडला कसा, आणि गाळानें तो भरला कसा नाहीं? पृथ्वीचें कवच अखंड नाहीं, तें मोठमोठ्या तुकड्यांचें बनलेलें आहे, हें आपण जाणतां. बैकलच्या खालीं हें कवच दोन्ही बाजूंना ताणलें जात आहे. ताणलेल्या कापडाला जशी चीर पडावी, तशी येथें भूमीला चीर पडून मधला भाग खालीं खचला. अशा जागेला खचदरी म्हणतात. हें ताणणें आजहि चालूच आहे. दोन्ही कांठ दर वर्षीं कांहीं मिलिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात. मनुष्याच्या आयुष्यांत हें अंतर लक्षांत येणार नाहीं. परंतु कोटि वर्षांच्या हिशेबांत तें फार मोठें होतें. नद्यांनीं गाळ आणावा आणि तळ खालीं जावा, अशी ही स्पर्धा अडीच-तीन कोटि वर्षें चालली आहे. तळाशीं सांचलेल्या गाळाचा थर कांहीं ठिकाणीं सात किलोमीटर जाड आहे. दुसरें एखादें सरोवर एवढ्या गाळानें केव्हांच बुजून गेलें असतें. बैकल मात्र बुजलें नाहीं, कारण त्याचा तळ गाळापेक्षां अधिक वेगानें खचत आला.

हें खचणें नेहमींच मुकाट्यानें होतें असें नाहीं. इ. स. १८६२ च्या जानेवारींत तेथें मोठा भूकंप झाला. सेलेंगा नदीच्या मुखाजवळचा विस्तीर्ण गवताळ प्रदेश, सुमारें २०० चौरस किलोमीटर, खालीं बसला व त्यावर सरोवराचें पाणी पसरलें. जेथें माणसें राहत होतीं व गुरें चरत होतीं, तेथें आज उपसागर आहे. त्याला रशियन लोक ‘प्रोवाल’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच खचलेली जागा असा आहे.

तळाशीं सांचलेला हा गाळ मोठ्या उपयोगाचा ठरला आहे. तो पोथीच्या पानांप्रमाणें थरावर थर असा बसलेला आहे. ज्या काळांत हवा उबदार होती, त्या काळच्या थरांत डायॲटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पतींचीं गारेसारखीं कवचें विपुल सांपडतात. हिमयुगाच्या थरांत तीं जवळजवळ नाहींशीं होतात. इ. स. १९९८ मध्यें शास्त्रज्ञांनीं या गाळांत वेध घेऊन ६०० मीटर लांबीची मातीची कांडी बाहेर काढली. ऐंशी लक्ष वर्षांहून अधिक काळाचें हवामान तींत क्रमानें वाचतां येतें. आशिया खंडाच्या मध्यभागीं इतकी जुनी आणि सलग बखर दुसरी मिळणें कठीण.

आतां पाण्याकडे वळूं. ‘थेंबे थेंबे तळें सांचे’ ही आपली म्हण बैकलला अक्षरशः लागू पडते. त्याला लहानमोठ्या तीनशेंहून अधिक नद्या मिळतात. त्यांत मंगोलियांतून येणारी सेलेंगा सर्वांत मोठी. येणाऱ्या पाण्यापैकीं निम्मेंअधिक एकटी तीच आणते. बाहेर जाणारी नदी मात्र एकच, ती अंगारा. त्या प्रदेशांत एक लोककथा आहे. बैकल हा म्हातारा बाप. त्याला तीनशें छत्तीस पुत्र आणि अंगारा नांवाची एकच कन्या. पुत्र मुकाट्यानें घरीं पाणी आणतात. परंतु कन्येचें मन येनिसे नांवाच्या दूरच्या वीरावर बसलें, आणि एका रात्रीं बाप निजला असतां ती पळाली. बाप जागा झाला, संतापला, व त्यानें तिची वाट अडविण्यासाठीं डोंगराचा एक कडा उपटून फेकला. अंगारा जेथें सरोवरांतून बाहेर पडते, तेथें आजहि एक खडक पाण्यावर डोकें काढून आहे, आणि लोक तो बापानें फेकलेला दगड म्हणून दाखवितात. ही कथा भूगोलाला धरून आहे; कारण अंगारा खरोखरच येनिसे नदीला जाऊन मिळते, आणि येनिसे उत्तर महासागराला.

अंगारा वर्षाकांठीं सुमारें ६० घन किलोमीटर पाणी बाहेर नेते. शाळेंतील मुलानेंहि आतां हिशेब करावा. २३,६०० ला ६० नें भागिलें, तर जवळजवळ ४०० येतात. म्हणजे या सरोवरांतील सर्व पाणी एकदां बदलण्यास चारशें वर्षांच्या आसपास काळ लागतो. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. त्या सुमारास जें पाणी बैकलमध्यें आलें, तें सरासरीच्या हिशेबानें आतां कोठें बाहेर पडावयास लागलें असेल. श्रोत्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. शेवटीं त्याचें काम पडणार आहे.

येथें दुसरी शंका उत्पन्न होते. वाहतें पाणी शुद्ध राहतें आणि थांबलेलें पाणी कुजतें, हा आपला नित्याचा अनुभव आहे. मग शेंकडों वर्षें थांबलेलें हें पाणी नासत कसें नाहीं? विशेषतः जेथें सूर्याचा किरण पोंचत नाहीं, त्या तळच्या पाण्यांतील प्राणवायु संपून जावयास हवा. आफ्रिकेंतील टांगानिका सरोवर खोलींत बैकलच्या खालोखाल, म्हणजे १४७० मीटर आहे. तेथें वरचा शंभर-दोनशें मीटरांचा थर सोडला, तर खालीं प्राणवायु नाहीं, आणि म्हणून मासेहि नाहींत. बैकलमध्यें मात्र अगदीं तळापर्यंत प्राणवायु आहे, आणि तळापर्यंत प्राणी आहेत.

याचें कारण पाण्याच्या एका चमत्कारिक गुणांत आहे. बहुतेक पदार्थ जसजसे थंड होतात, तसतसे जड होतात. पाणीहि चार अंश सेंटिग्रेडपर्यंत असेंच वागतें. परंतु त्याहून अधिक थंड झालें कीं तें उलट हलकें होऊं लागतें. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो. थंड देशांतील सरोवरांत हिंवाळ्यापूर्वीं वरचें पाणी थंड होऊन जड होतें व खालीं जातें, आणि खालचें वर येतें. बर्फ वितळल्यावर वसंतांत हीच उलथापालथ पुन्हां घडते. उथळ सरोवर यामुळें तळापर्यंत ढवळून निघतें. बैकलमध्यें ही ढवळणी अडीचशें-तीनशें मीटरांपर्यंतच पोंचते. त्याखालचें हजार-तेराशें मीटर पाणी कसें ढवळलें जातें, हें कोडें शास्त्रज्ञांना बराच काळ पडलें होतें.

तें कोडें असें सुटलें. पाणी सर्वांत जड होण्याचा जो चार अंशांचा बिंदु, तो दाबाखालीं कायम राहत नाहीं. जितकें खोल जावें, तितका तो खालीं उतरतो. वरचें तीन-साडेतीन अंशांचें पाणी पृष्ठभागाजवळ हलकें असतें, आपण होऊन तें बुडत नाहीं. परंतु शरद् ऋतूंत आणि बर्फ फुटल्यानंतर तेथें प्रचंड वारे सुटतात. ते हें थंड पाणी कांठाशीं रेटून खालीं दाबतात. एका विशिष्ट खोलीच्या पलीकडे तें लोटलें गेलें, कीं तेथील दाबामुळें तेंच पाणी भोंवतालच्या पाण्याहून जड ठरतें, आणि मग कोणीं न ढकलतां आपल्याच वजनानें तळ गांठतें. घाटांतील बैलगाडी खिंडीपर्यंत चढविण्यास कष्ट पडतात, पण खिंड ओलांडली कीं ती आपोआप उतरूं लागते. तसाच हा प्रकार. उतरतांना हें पाणी आपल्याबरोबर प्राणवायु नेतें. याप्रमाणें दर वर्षीं वारा आणि थंडी मिळून या सरोवराच्या तळाला श्वास पुरवितात.

पाणी शुद्ध ठेवणारीं आणखीहि कांहीं मंडळी आहेत. एपिशुरा नांवाचा एक कवचधारी जीव तेथें आहे. त्याची लांबी फार तर दीड मिलिमीटर. परंतु सरोवरांत तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या एकूण वजनांत त्याचाच वांटा सर्वांत मोठा आहे. हे असंख्य जीव पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म वनस्पति व जंतु खातात. कांठाजवळच्या खडकांवर हिरवे स्पंज झाडांच्या फांद्यांप्रमाणें उभे असतात; कांहींची उंची मीटरभर भरते. तेहि पाणी गाळीत असतात. परिणाम असा, कीं वसंताच्या अखेरीस पांढरी तबकडी दोरीनें पाण्यांत सोडली, तर ती कांहीं ठिकाणीं चाळीस मीटरांपर्यंत डोळ्यांना दिसत राहते.

या सरोवरांतील प्राणिसृष्टीचा शोध ज्यानें प्रथम नीट लावला, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. बेनेडिक्ट डिबोव्स्की हा पोलंडमधील प्राणिशास्त्राचा अध्यापक. रशियाच्या सत्तेविरुद्ध १८६३ सालीं पोलंडांत जो उठाव झाला, त्यांत भाग घेतल्याबद्दल त्याला सैबेरियांत हद्दपार करण्यांत आलें. बैकलमध्यें प्राणी फारसे नाहींत, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती. डिबोव्स्की १८६८ च्या सुमारास सरोवराच्या दक्षिण टोंकाशीं कुल्तुक या गांवीं राहावयास गेला. हिंवाळ्यांत सरोवर गोठलें, कीं तो आणि त्याचे सोबती बर्फाला भोंकें पाडीत, दोर सोडून खोली मोजीत, व खोलवरचे प्राणी वर काढीत. ना प्रयोगशाळा, ना पुरेसा पैसा, आणि डोक्यावर हद्दपारीची शिक्षा. अशा स्थितींत त्यानें कोळंबीच्या कुळाशीं नातें असलेल्या छोट्या कवचधारी प्राण्यांच्या शंभराच्या आसपास नव्या जाति जगापुढें ठेविल्या. निर्जीव मानलेलें सरोवर जीवांनीं गजबजलेलें ठरलें. आज या एकाच गटाच्या ३५० हून अधिक जाति तेथें माहीत आहेत, आणि सर्व गट मिळून अडीच हजारांहून अधिक प्राणिजाति मोजलेल्या आहेत. त्यांपैकीं बहुसंख्य जाति जगांत अन्यत्र कोठेंहि सांपडत नाहींत. सरोवराला आयुष्य मिळालें म्हणून तेथील प्राण्यांना बदलण्यास आणि वेगळें होण्यास अवसर मिळाला. दहा हजार वर्षांत बुजणाऱ्या तळ्यांत ही गोष्ट घडती ना.

त्यांतील दोनच प्राण्यांचें वर्णन करतों. पहिला गोलोम्यान्का नांवाचा मासा. वीतभर लांब, अंगावर खवला नाहीं, शरीर अर्धपारदर्शक. पोहण्यास मदत करणारी हवेची पिशवी इतर माशांना असते, तशी याला नाहीं. त्याऐवजीं अंगांत विलक्षण चरबी आहे. एका जातींत तर शरीराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक चरबीच असते. या चरबीच्या आधारानें तो पाण्यांत तरंगतो, आणि पृष्ठभागापासून तळापर्यंतच्या दाबांतून सहज ये-जा करतो. तो अंडीं घालीत नाहीं. मादी हजारों जिवंत पिलांना जन्म देते. मोठे थवे करून तो राहत नाहीं, म्हणून कोळ्यांच्या जाळ्यांत फारसा येत नाहीं. तथापि सरोवरांतील सगळ्या माशांच्या वजनांत याच माशाचा भरणा सर्वांत जास्त आहे.

दुसरा प्राणी नेर्पा. हा सील. सील म्हणजे समुद्रांत राहणारा सस्तन प्राणी. मग समुद्रापासून हजारों किलोमीटर दूर, खंडाच्या मध्यभागीं तो आला कोठून? त्याचे जवळचे नातेवाईक उत्तर महासागरांत आहेत. त्यावरून असा तर्क करतात, कीं फार प्राचीन काळीं त्याचे पूर्वज नद्यांच्या मार्गानें वर येऊन येथें स्थायिक झाले. केवळ गोड्या पाण्यांतच राहणारी सीलाची ही जगांतील एकच जाति होय. हिंवाळ्यांत सरोवर गोठतें, तेव्हां नेर्पा पुढच्या पायांच्या नखांनीं बर्फ खरवडून श्वासासाठीं भोंकें उघडीं ठेवतो. फेब्रुवारी-मार्चमध्यें मादी बर्फावर सांचलेल्या हिमाच्या ढिगांत गुहा करते व तेथें पांढऱ्या लोकरीच्या पिलाला जन्म देते. छप्पर लवकर वितळलें, तर पिलाला थंडी व कावळ्यासारखे शत्रु यांपासून आसरा राहत नाहीं.

यावरून बैकलच्या जीवनांत बर्फाला किती महत्त्व आहे हें दिसेल. जानेवारींत सरोवर गोठतें, आणि दक्षिणेकडील बर्फ मेच्या सुमारास फुटतो. जाडी सुमारें एक मीटर. बर्फावरून मोटारी जातात. १९०४ सालीं रशिया-जपान युद्ध चालू असतां सरोवराभोंवतींचा लोहमार्ग पुरा झालेला नव्हता. तेव्हां रशियनांनीं बर्फावर रूळ टाकले, आणि इंजिनाचा भार धोक्याचा म्हणून डबे घोड्यांकडून ओढविले. परंतु त्याहून नवलाची गोष्ट बर्फाच्या खालीं घडते. वारा बर्फावरचा हिमाचा भुगा झाडून नेतो, त्यामुळें कांचेसारख्या स्वच्छ बर्फांतून सूर्यप्रकाश आंत शिरतो. ज्यांचीं कवचें गाळांत सांपडतात असें मीं वर सांगितलें, त्या सूक्ष्म डायॲटमांचें खरें पीक त्या गोठलेल्या छपराखालींच, वसंताच्या आरंभीं येतें. त्यांवर एपिशुरा जगतो, त्यावर मासे, आणि माशांवर नेर्पा.

आधुनिक शास्त्रज्ञांनींहि या बर्फाचा उपयोग करून घेतला आहे. विश्वाच्या दूरच्या भागांतून न्यूट्रिनो नांवाचे अतिसूक्ष्म कण सारखे येत असतात. ते पृथ्वीच्याहि आरपार जातात. कोट्यवधींपैकीं एखादा पाण्यांत अडखळला, तर त्यांतून निघणाऱ्या कणामुळें क्षणमात्र निळसर प्रकाश चमकतो. तो टिपण्यासाठीं कांचेच्या गोलांत बसविलेलीं यंत्रें हजार मीटरांहून खोल पाण्यांत दोरांवर टांगलीं आहेत. या दुर्बिणीचें उद्घाटन मार्च २०२१ मध्यें झालें. ती बसविण्याचें काम हिंवाळ्यांतच होतें, कारण गोठलेलें सरोवर हाच कामकऱ्यांचा ओटा. पाणी स्वच्छ, खोल आणि अंधारें असल्यामुळेंच हें साधलें.

श्रोतेहो, आतां मी विषयाच्या दुसऱ्या बाजूकडे येतों. १९४५ सालीं इर्कुत्स्क विद्यापीठांतील प्राध्यापक मिखाईल कोझोव्ह यांनीं एक साधें काम आरंभिलें. बोल्शिये कोती या गांवासमोर, कांठापासून थोड्या अंतरावर, ठराविक जागीं जाऊन वेगवेगळ्या खोलीवरील पाण्याची उष्णता मोजावयाची, पाण्याची स्वच्छता पाहावयाची, आणि त्यांतील सूक्ष्म जीव मोजावयाचे. हें दर सात ते दहा दिवसांनीं, उन्हाळ्यांत नावेंतून आणि हिंवाळ्यांत बर्फाला भोंक पाडून. त्यांच्यामागें त्यांची कन्या ओल्गा कोझोव्हा यांनीं तें चालविलें, आणि त्यांच्यानंतर नात ल्युबोव्ह इझ्मेस्त्येव्हा यांनीं. राज्यें बदललीं, देशाचें नांव बदललें. टिपणवह्या चालूच राहिल्या. कोणत्याहि एका दिवशींच्या नोंदींत कांहीं विशेष नव्हतें. साठ वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हां मात्र त्यांनीं जगाला चकित केलें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत दिसलें, कीं १९४६ पासून वरच्या पाण्याची उष्णता सुमारें १.२ अंशांनीं वाढली होती. त्यांतच दिलेल्या दुसऱ्या जुन्या नोंदींवरून, १८६९ ते २००० या काळांत सरोवर बर्फाविना असण्याचा अवधि १८ दिवसांनीं लांबला होता. एवढें थंड आणि अथांग सरोवर हवामानाच्या फेरबदलाला दाद देणार नाहीं असें पुष्कळांस वाटत होतें. तो भरंवसा या वह्यांनीं मोडला. बर्फावर जें पीक व जीं पिलें अवलंबून आहेत, त्यांच्या दृष्टीनें या अठरा दिवसांचा अर्थ काय, हें आपण आतां समजूं शकतां.

मनुष्यानें प्रत्यक्ष केलेला उपद्रवहि थोडाथोडका नाहीं. १९६६ सालीं दक्षिण कांठावर कागदाच्या लगद्याची मोठी गिरणी सुरू झाली. बैकलच्या स्वच्छ पाण्याचा उपयोग करावा, या हेतूनें ती तेथें घातली, आणि तिचें मळकें पाणी त्याच सरोवरांत सोडण्यांत येऊं लागलें. ज्या राज्यांत सरकारविरुद्ध उघड बोलणें सोपें नव्हतें, तेथेंहि शास्त्रज्ञ आणि लेखक यांनीं तिला विरोध केला. गिरणी बंद व्हावयास २०१३ साल उजाडलें. आणि सांठविलेल्या गाळाचें काय करावयाचें, हा प्रश्न तिच्यामागें उरला. २००६ मध्यें खनिज तेलाचा मोठा नळ कांठाजवळून जावयाचा होता. लोकांनीं मोठी ओरड केली, तेव्हां तो मार्ग बराच उत्तरेकडे हलविण्यांत आला. १९९६ पासून बैकल हें जागतिक वारशाचें स्थळ म्हणून मान्य झालें आहे. तथापि कांठच्या गांवांतील सांडपाणी उथळ पाण्यांत शिरत राहिलें. २०१० नंतरच्या काळांत कांठालगत हिरव्या शेवाळाचे तंतू पसरलेले आणि स्पंज रोगानें पडलेले दिसूं लागले. ओमुल नांवाचा जो मासा तेथील कोळ्यांच्या पोटापाण्याचा आधार, तो इतका घटला कीं २०१७ सालीं त्याची व्यापारी मासेमारी बंद करावी लागली.

मघां आपण केलेला भागाकार आतां आठवावा. चारशें वर्षांत एकदां पाणी बदलणाऱ्या सरोवरांत जी घाण पडते, ती पुढच्या पावसाळ्यांत वाहून जात नाहीं. ज्या संथपणानें त्यांतील प्राण्यांना कोटि वर्षांचा निवांत संसार दिला, तोच संथपणा मनुष्याच्या अपराधाची निशाणीहि जपून ठेवतो. भूमि खचते, वारा पाणी ढवळतो, बारीक जीव तें गाळतात, बर्फ पिकाला छप्पर देतो. या चार गोष्टींवर बैकलचें आयुष्य उभें आहे. पहिल्या दोहोंपैकीं भूमि मनुष्याच्या हातीं नाहीं, आणि वाऱ्यावरहि त्याची सत्ता नाहीं. गाळणारे जीव आणि बर्फ यांवर मात्र त्याचा हात पडला आहे.

शेवटीं माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला एक गोष्ट विशेष वाटते, ती सांगून मी श्रोत्यांची रजा घेतों. हद्दपारींत असलेल्या एका अध्यापकानें हें सरोवर जिवंत आहे हें दाखवून दिलें. आणि आजोबा, मुलगी व नात यांनीं नेमानें लिहिलेल्या वह्यांमुळें त्याचें दुखणें वेळींच कळून आलें. आपल्याकडील शाळांच्या शेजारींहि नदी, ओढा किंवा तळें असतेंच. एक काठी, एक उष्णतामापक आणि एक वही एवढ्या साहित्यावर त्याची नोंद मुलांना ठेवतां येईल. पहिल्या वर्षीं तींतून कांहींच निष्पन्न होणार नाहीं. वीस वर्षांनीं ती वही उघडून वाचणाऱ्या माणसाला मात्र त्या गांवच्या पाण्याची खरी हकीकत कळेल.